"देवानं राखलं" म्हणताय, मग जे गेले त्यांचं काय?

औसेकर
हे मनात 12 जून 2025 पासून आहे, अहमदाबादचं विमान पडलं तेव्हापासून. विमानात 242 माणसं होती, त्यातला एक वाचला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या फॅमिली ग्रुपवर सुरू झालं, देव तारी त्याला कोण मारी, खाली हात जोडलेले. मग ढिगाऱ्यात गीतेची प्रत शाबूत सापडल्याचा व्हिडिओ. मी विचारलं की पुस्तक राखलं आणि त्यातली लहान लेकरं राखली नाहीत असं म्हणायचंय का, तर काका म्हणले तू नास्तिक झालास.

मी नास्तिक आहे का ते मलाच माहीत नाही. माझा राग वेगळाय. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून उशिरा झोपले, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून घसा बसलेला, आणि पहाटे चार वाजायच्या आत भूकंपानं गाव खाली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, आमच्याकडं दहा म्हणतात. आज्जी त्या रात्री गोठ्यात होती कारण म्हैस व्यायला झाली होती. तिची जाऊ आणि जावेची दोन लेकरं वाड्यात. नंतर जन्मभर जी बाई घरी यायची ती म्हणायची, तुला देवानं राखलं गं. आज्जी गप्प. मला एकदाच म्हणली, "मला राखलं, आन् जावेच्या लेकरांनी काय केलतं रं त्येचं?"

याचं उत्तर कुणाकडं असेल तर सांगा, चिडून नाही, खरंच विचारतोय.

श्रद्धा_सबुरी
प्रत्येकाचं प्रारब्ध असतं दादा. ज्याची वेळ भरली तो जातो. आपल्याला एका जन्माचा हिशोब दिसतो, त्याला सगळ्या जन्मांचा दिसतो. त्याच भूकंपात दीड वर्षाची मुलगी पाच दिवसांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती, लष्कराच्या जवानांनी काढली, त्याला काय म्हणाल मग?

एसपी_सिव्हिल
त्याला जवानांनी पाच दिवस हात थांबवला नाही असं म्हणेन.

मी स्ट्रक्चरचं काम करतो म्हणून लिहितो. किल्लारीत कोण वाचलं कोण नाही यात बराच पॅटर्न आहे. माळवदाची, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताची घरं, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मधे नुसती माती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नाही, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं पाणी गळू नये म्हणून टाकत गेलेली माती. हललं की भिंत उभी फाटते आणि दोन्ही थर ढासळतात, मग वरचं सगळं खाली. आणि त्याच गावात गरिबाची कुडाची, गवताची झोपडी बऱ्याच ठिकाणी टिकली, नाहीतर पडली तरी माणूस त्यातून निघाला. शेतात आखाड्यावर राखणीला गेलेले वाचले. ती काही जास्त पुण्यवान माणसं नव्हती. आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्याच भागात छोटे धक्के बसून गेले होते. प्रारब्ध म्हणलं की भिंतीकडं बघायची गरजच संपते, मला त्याची भीती वाटते.

श्रद्धा_सबुरी
भिंतीमुळे पडलं हे मान्य. पण त्याच रात्री म्हैस का व्याली?

औसेकर
ताई हेच तर. म्हैस देवानं पाठवली म्हणलं की जावेकडं पाठवली नाही हे पण देवानंच केलं असं होतं. अर्धंच वाक्य कसं घेता येईल?

नीराकाठ
मी देव मानते आणि तरी औसेकरांशी अर्धी सहमत आहे. माझा भाऊ 2005 मधे मांढरदेवीला गेला होता काळूबाईच्या यात्रेला, 25 जानेवारी, शाकंभरी पौर्णिमा. आला नाही. सुमारे 300 माणसं गेली त्या चेंगराचेंगरीत, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वरून दुकानांना आग. तो देवीच्या दारातच होता हो, अजून किती जवळ जायचं होतं त्यानं. त्याच्याबरोबरचा मित्र परत आला आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणला आईनं वाचवलं मला. माझी आई आत स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं. त्या मुलाला दोष देत नाही, तो थरथरत होता, त्याला दुसरं वाक्य सुचणार कुठून.

पण माझी आई अजून दर पौर्णिमेला काळूबाईचा दिवा लावते. मी विचारलं तर म्हणते, रक्षण करते म्हणून नाही लावत, माझं रडू ऐकायला कुणीतरी पाहिजे. याला तुम्ही अंधश्रद्धा म्हणणार असाल तर म्हणा, मी भांडेन.

औसेकर
नाही म्हणणार. शपथ.

मुक्काम_देहू
तुकोबांचं घर बघा. 1630 च्या आगेमागे जो मोठा दुष्काळ पडला त्यात त्यांची थोरली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. हे त्यांनीच अभंगात सांगितलंय. आणि तेच तुकोबा म्हणतात बरं झालं देवा, या दुष्काळानं पीडा दिली म्हणून तुझी आठवण राहिली. म्हणजे संकटातून वाचवणं हे देवाचं कामच नाही असं धरूनही भक्ती होते. तुम्ही ज्या देवावर चिडलाय तो वारकऱ्यांचा देव नाहीच.

एसपी_सिव्हिल
तुकोबा स्वतःच्या दुःखाबद्दल बरं झालं म्हणाले. शेजाऱ्याची बायको गेली तेव्हा जाऊन त्याला बरं झालं म्हणाले नाहीत.

मुक्काम_देहू
हे बरोबर आहे. यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

श्रद्धा_सबुरी
माझ्या मिस्टरांची बायपास झाली तेव्हा मी अकरा गुरुवार केले, ते घरी आले. बाजूच्या खाटेवरचे आजोबा आले नाहीत, त्यांची सून पण पोथी वाचायची रोज, मला दिसायची. औसेकरदादा तुमच्या आज्जीचं वाक्य वाचल्यापासून मला तीच दिसतेय. मी देवाचे आभार मानायचं सोडणार नाही, ते मला जमणारच नाही. पण निघताना मी तिला म्हणाले होते की श्रद्धा पक्की ठेवा. ते नको होतं म्हणायला.

बार्शीचा_पोरगा
मधेच विचारतो, सिव्हिलवाले सर, आमचं गावाकडचं घर अजून माळवदाचंच आहे आणि आजोबा ऐकत नाहीत, आतच झोपतात, म्हणतात इतकी वर्षं काय झालं नाही. पाडायला पैसे नाहीत. काही करता येतं का?

एसपी_सिव्हिल
येतं. आधी वरची माती कमी करा, फुटभर वगैरे असेल तर बरीच काढून टाका आणि पाणी गळू नये म्हणून पातळ थर करून घ्या. मग भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड किंवा सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. किल्लारीनंतर बऱ्याच गावांत असं केलंय. एकदम खूप भोकं पाडू नका, एक भरलं की पुढचं, आणि जाणकार गवंडी समोर असू द्या. तोवर आजोबांची खाट ओसरीच्या बाहेर अंगणात काढा, पत्र्याखाली चालेल. भिंतीचे आणि वरच्या लाकडांचे फोटो मला मेसेजमधे पाठवा, आजच.