सोलो वाजतो, पण शिलाई मशीनसारखा. काय करू?

इंदिरानगरी:
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटार शिकतोय, तिसरं वर्ष. रोज मेट्रोनोम लावून तास-दीड तास बसतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला आठ, स्वच्छ निघतात. सोसायटीच्या गणपतीत सोलो वाजवला, टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "हात छान चालतो रे, पण शिलाई मशीन ऐकल्यासारखं वाटलं." आधी राग आला. मग मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. बाबांचं खरंय. काय ऐकू, काय घोटू? आणि नाशकात कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे ब्लूज ही अमेरिकन शैली शिकवणारं कोणी आहे का?

पंचवटीकर काका:
मी गाण्यातला माणूस, गिटार घरातल्या पोरामुळे कानावर पडते. वेग सोड असं सांगणार नाही. तान जलद असते म्हणून तिला कोणी कोरडी म्हणत नाही. पण ती येते कधी? विलंबितात एकेका सुराची ओळख करून दिल्यावर. तू पाहुणा दारात आल्या आल्या ताट वाढतोयस. सोलोची ओळ आधी गाऊन बघ. दम संपेल तिथे थांब, गिटारवरही तिथेच थांब. ऐकायला १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली' घे. त्यात ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, तिच्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, ऐक.

डबल_बास_ड्रम:
काका, बाकी मान्य, पण 'जलद म्हणजे दिखाऊ' हे ऐकून आम्ही मेटलवाले कंटाळलोय (तुम्ही तसं म्हणाला नाहीत, बाकीचे म्हणतात). मिरवणुकीत ढोलाची लय चढते तेव्हा अंगावर काटा येतो, तो काय भाव नाही? व्हॅन हेलन बँडचं १९७८ चं गिटार सोलो 'इरप्शन' जेमतेम पावणेदोन मिनिटांचं आहे, निव्वळ उधाण. माल्मस्टीन हा वेगवान मेटल गिटारवालाही ऐक, पण त्याची धाव संपल्यावर जो सूर लांबतो ना, त्यावरचा व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं हलकं थरथरणं, ऐक. नक्कल करणारे तेवढाच भाग गाळतात.

सिडकोचा बेंडवाला:
मला वाटतं तुझा घोळ बेंडमध्ये, म्हणजे तार खेचून सूर चढवण्यात, असणार. पातळ बाजूने दुसरी तार, दहावा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची पट्टी) वाजव. सूर कानात ठेव. आता आठव्यावर बोट ठेवून तार वर खेच, तोच सूर यायला हवा. सूर दाखवणारा ट्यूनर लावून बघ, कानावर जाऊ नकोस. माझा चार महिने पाव सूर खाली राहायचा आणि मी स्वतःला पिंक फ्लॉइडचा गिटारवादक गिलमोर समजत होतो. अनामिकेने खेच, मागची दोन बोटं आधाराला, जोर मनगटाचा. तारा दहाच्या जाडीच्या असतील तर नऊच्या, म्हणजे जरा बारीक, लाव. बेंड जमल्याशिवाय व्हायब्रेटोला हात लावू नकोस.
मग ब्लूजवाला बी. बी. किंग ऐक. तो गाताना वाजवत नसे. एक ओळ गळ्याची, तिला उत्तर गिटारचं. तू पण तसंच कर, गळा कसाही असो.
क्लास कुठला ते नाही सांगत. शिकवणाऱ्याला पहिल्या भेटीत एकच सूर वाजवायला सांग. तो ऐकत राहावासा वाटला तर फी भर.

इंदिरानगरी:
लगेच करून बघितलं. आठवा फ्रेट खेचला, ट्यूनर नवव्याच्या जरा पुढे जाऊन अडकला. तीन वर्षं झाली! वीस मिनिटांत बोटाचं टोक लाल. आतून आईने विचारलं, मांजर शिरलंय का घरात?
नऊच्या तारा मेन रोडला मिळतील का?