कांदा, कापूस आणि खुला बाजार: याच्या बाजूनं मत देणार कोण?

चाळकरी (धागालेखक)

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा निफाड-येवल्याकडं लाल कांदा मार्केटला यायला लागला होता. उन्हाळ कांदा असता तर लोकांनी कांदाचाळीत साठवून वाट पाहिली असती. लाल टिकत नाही, काढला की पडेल त्या भावात द्यावाच लागतो. बंदीच्या आधी ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही. दिंडोरी-नाशिकचं लोकसभेचं मतदान जवळ आलं तशी मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांची मेख ठेवून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला.

हे सगळं अधिसूचनेवर चालतं. १९९१ ला परमिटराज संपलं म्हणतात, ते शेतमालाला कुणी कळवलेलं दिसत नाही. पक्षाचाही प्रश्न नाही: डिसेंबर २०१० मध्ये बंदी आली तेव्हा कृषिमंत्री शरद पवार होते, हे नाशिककरांना सांगायला नको.

माझं म्हणणं वेगळंच आहे. शरद जोशींनी १९७९ ला शेतकरी संघटना काढली, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत चाकणपासून विदर्भापर्यंत माणसं रस्त्यावर आणली. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा सभेला मैदान पुरायचं नाही आणि मतपेटीत मात्र ठणठणाट. खुल्या बाजाराला विरोधक बरेच आहेत, पण त्यापेक्षा मोठी पंचाईत म्हणजे त्याला मतदारच नाही. का नाही?

सहाची_लोकल

कारण आम्ही मतदार आहोत, आणि आम्हाला रोज भाजी लागते! जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या पुढं गेला तेव्हा आमच्या घरी आठवडाभर कोकमावर आमटी चालली. माझ्या पगाराला कुठलं निर्यातीचं दार आहे? महागाई वाढली म्हणून माझा साहेब दुबईला बोली लावून पगार ठरवत नाही. १९९८ ला दिल्लीत कांद्यानं सरकार घालवलं. सरकारनं भाव पाडला नाही तर लोक सरकार पाडतात, साधा हिशेब आहे.

पणन_पंडित

ताई, त्याच टोमॅटोचा सप्टेंबर आठवा. भाव असा कोसळला की नाशिककडं लोकांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. तेव्हा कुणी शहरातून वर्गणी पाठवली नव्हती. गरिबाला महागाई झेपत नाही हे मान्य. मग त्याच्या खात्यात पैसे टाका, तो खर्च सगळ्या देशाचा होऊ द्या. एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून कशाला?

तिसरी_गल्ली

बाजार खुला म्हणजे नक्की कुणाला खुला? त्याच २०२३ च्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी शुल्काविरुद्ध लिलाव बंद ठेवले. भांडण व्यापारी आणि सरकारचं, आणि चाळीत कांदा सडतोय शेतकऱ्याचा. त्याला माल नेऊन टाकायला दुसरी जागा नव्हती. मी बाजार समितीच्या आवारात वाढलोय. ट्रॉलीभोवती आठ-दहा जण उभे राहतात, वरचा कांदा उकरून बघतात, एकजण आकडा बोलतो आणि बाकीचे पाच-दहा रुपयांनी सरकतात. एकाला माल लागला की दुसऱ्यानं भाव चढवायचा नाही, हे आधी चहाच्या टपरीवर ठरलेलं असतं. सरकार बाजूला झालं तर ही मंडळी एकदम खुल्या बाजाराचं तत्त्व मांडणाऱ्या ॲडम स्मिथचे विद्यार्थी होणार का?

पणन_पंडित

ती टोळी परवान्यानंच जन्माला घातलीय की! १९६३ च्या कायद्यानं ठरवलं, विकायचं तर समितीतच आणि परवानेवाल्यालाच. जुलै २०१६ ला राज्यानं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे समितीबाहेर विकायला मोकळा, आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तेव्हा संप कुणी केला? व्यापाऱ्यांनीच. खुल्या बाजाराला सगळ्यात जास्त घाबरतो तो जमलेला व्यापारी.

तिसरी_गल्ली

आणि नऊ वर्षं होऊन गेली तरी ट्रॉल्या त्याच गेटातून आत जातात. कायदा बदलून खरेदीदार उगवत नाहीत, साहेब.

वऱ्हाडी_ठेचा

कांदेवाल्यायचं सारं खरं हाय, पन आमच्या कापसाचं बोला ना! ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत. मुक्त व्यापारच झाला ना हा? तवा तुम्ही पेढे वाटाले पायजे होते. काहून नाही वाटले? निर्यात आली की बाजार खुला, आयात आली की सरकार मायबाप!

चाळकरी

वाटायला हवे होते. सांगतोच सरळ: कापसावरचं शुल्क काढलं ते मला तत्त्वानं मान्य आहे. गिरणीवाल्यानं स्वस्त कापूस का घेऊ नये? पण डिसेंबर २०२१ पासून सोयाबीन, हरभऱ्याचे वायदे बंद ठेवले, म्हणजे पुढचा भाव बघून पेरायची सोय काढून घेतली, आणि मग बाहेरचा माल सोडला.

आणि हे बोलणारा पक्ष उद्या काढायचा म्हटलं तर नोंदणीलाच अडतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणं पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. जोशींनी राज्यसभेत ते काढायचं विधेयक आणलं होतं. काही झालं नाही.

सहाची_लोकल

असे कागद लिहून देऊन सगळेच पक्ष मजेत आहेत हो. तुमच्या पक्षाचं तिथं अडलेलं नाही. माझ्यासारखीला तुम्ही काय देणार, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. खात्यात पैसे म्हणालात, मी इन्कम टॅक्स भरते, मला कोण देतंय?

वऱ्हाडी_ठेचा

चाळकरी, तत्त्वानं मान्य म्हनता ते यवतमाळले येऊन बोला, सभा मी भरवतो. अमेरिकेतला शेतकरी तणनाशक झेलनारं बियानं पेरते, त्याचा कापूस २०२५ मध्ये इकडे बिनशुल्क आला. थेच बियानं आमी पेरलं तर गुन्हा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात संघटनेच्या लोकायनं उघड पेरलं, तर पोलीस केस झाली. आयातीची आन् बियान्याची, दोन्ही बेड्या काढा म्हनसान, तर काढा ना! पन दरवेळी आयातीचीच आधी निघते, बियान्याची जशीच्या तशी. कोनती आधी काढाची ते सांगा, मंग मत मागा.