घोट्यात वाढलेलं हाड: उघडी शस्त्रक्रिया की दुर्बिणीची?

पेठेतला_हाफबॅक
कोल्हापूर, वय 31. तालमीच्या संघाकडून बारा वर्षं फुटबॉल खेळतोय. दोन वर्षांपासून उजवा घोटा पुढून दुखतो. चढावर आणि उकिडवं बसताना आत काहीतरी अडकतं. एक्स-रेत नडगीच्या पुढच्या कडेला आणि समोर टॅलसवर (नडगीखालचं घोट्याचं हाड) हाड वाढलेलं दिसलं. फिजिओ, इंजेक्शन झालं. एक डॉक्टर उघडून काढू म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून. कुणी करून घेतलंय का? शाहू स्टेडियमवर परत उतरायचंच आहे.

सह्याद्री_धाव
माझं दुर्बिणीतून झालं. पुढे दोन बारीक छेद, एकेक टाका, संध्याकाळी घरी. दोन आठवड्यांत कुबड्या सुटल्या, सातव्या आठवड्यात हळू धावलो. पण पावलाचा वरचा भाग तीन महिने बधिर होता. बाहेरच्या छेदाजवळून कातडीची नस जाते, तिला धक्का लागला होता. ती नस आधी शोधून पेनाने खूण करता का, हे डॉक्टरांना जरूर विचार.

माधुरी_नाशिक
माझी उघडी झाली. वय 52, जुनं फ्रॅक्चर, त्यात हाडाचे मोठे सुटे तुकडे. अडीच महिने गेले, व्रण अजून चपलेच्या पट्ट्याला घासतो. तरी पूजेला खाली बसता येतं, मला तेवढंच हवं होतं.

हाडांचा_फिजिओ
दादा, छेद केवढा यापेक्षा सांध्यात दोन हाडांमधली फट किती उरलीय ते आधी बघा. पायावर भार देऊन एक्स-रे काढा. आतल्या बाजूचं वाढलेलं हाड बाजूने सरळ काढलेल्या फोटोत लपतं, म्हणून एक तिरकाही काढायला सांगा. फट शाबूत असेल तर दुर्बीणच. 1992 च्या एका अमेरिकन अभ्यासात दुर्बिणीवाले उघड्या शस्त्रक्रियेवाल्यांपेक्षा जवळजवळ निम्म्या वेळात बरे झाले होते. सांधाच झिजलेला असेल तर नुसतं हाड तासून दुखणं जात नाही, मग कुठल्याही पद्धतीने केलं तरी. हाड पुन्हा वाढूही शकतं, पण ते दरवेळी दुखतंच असं नाही. आणि घोटा सारखा मुरगळतो का? तसं असेल तर लिगामेंटही (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) तपासून घ्या, नाहीतर मूळ कारण तसंच राहील.

पेठेतला_हाफबॅक
मुरगळतो, महिन्यातून एकदा तरी. हे दोन्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. सोमवारी भार देऊन एक्स-रे काढतो आणि इथेच टाकतो. ताई, दादा, आभार.