शब्दचर्चा : स्वप्नाचा अर्थ 'काढणे', 'लावणे' आणि 'लागणे'

अर्थ काढणे, अर्थ लावणे, अर्थ लागणे, तिन्ही आपण सर्रास वापरतो, पण स्वप्नाच्या बाबतीत यातलं नेमकं कुठलं बसतं यावर जरा चर्चा हवीये. कुठल्याही ॲपवर "स्वप्नांचे अर्थ" म्हणून लिस्ट येते, दात पडले की हे, साप दिसला की ते, आणि खाली शंभर लोक विचारत असतात की मला अमुक दिसलं त्याचा अर्थ सांगा. म्हणजे अर्थ कुठेतरी तयार ठेवलेला आहे आणि कुणीतरी तो आपल्याला द्यायचा असं काहीतरी. मला हे भाषेच्या अंगानेच खटकतं.

माझी समज अशी की 'अर्थ काढणे' याला थोडा वाईट वास आहे. "माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ काढलास", "त्यातून काय वाट्टेल तो अर्थ काढा". 'लावणे' म्हणजे मेहनत, एखाद्या जुन्या शिलालेखाचा किंवा अवघड श्लोकाचा अर्थ लावतात तसं. आणि 'लागणे' आपोआप होतं. ठाव लागतो, छडा लागतो, थांग लागतो, तसा अर्थ लागतो. आणि तो कुणाला लागतो ते सांगावंच लागतं, मला लागला, तिला लागला. "अर्थ लागला" एवढंच म्हटलं तरी ऐकणारा मनात 'कुणाला' हे भरून घेतो. बाकीच्यांचं मत सांगा.

*

चांगला विषय. यात 'फळ' हा शब्द राहिला. आपल्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात स्वप्नाचा अर्थ असा फार नसायचाच, "याचं फळ काय?" असं विचारायचे. फळ म्हणजे पुढे काय होणार, आणि अर्थ म्हणजे आत्ता माझ्या आत काय चाललंय, या दोन पूर्ण वेगळ्या चौकश्या आहेत आणि त्या लिस्टा दोन्हीची खिचडी करतात. विचारतात अर्थ आणि देतात फळ ("धनलाभ होईल" वगैरे).

गंमत म्हणजे फळ सांगणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेलाच होता. आर्टेमिडोरस नावाचा ग्रीक लेखक दुसऱ्या शतकात होऊन गेला, त्याने स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात काय दिसलं तर काय होईल याची भलीमोठी जंत्री आहे. पण तोच सांगतो की स्वप्न कुणाला पडलं, तो माणूस काय काम करतो, गरीब की श्रीमंत, तब्येत कशी आहे, हे आधी विचारा, एकाच स्वप्नाचं फळ दोघांना वेगळं. आत्ताच्या ॲपपेक्षा हा माणूस जास्त काळजी घ्यायचा म्हणायचं!

*

'पडणे' कडे कुणी लक्ष दिलं नाही अजून. मला स्वप्न पडलं, मी स्वप्न पाडलं नाही. प्रश्न पडतो, कोडं पडतं, विसर पडतो, भूल पडते, त्याच रांगेत स्वप्न. सगळ्या न बोलावता येणाऱ्या गोष्टी. आणि 'मी स्वप्न पाहतो' म्हटलं की झोपेशी संबंधच सुटतो, ते घराचं किंवा करिअरचं स्वप्न होतं, ते मी ठरवून पाहतो. हिंदीच्या सवयीने हल्ली "काल मी एक स्वप्न पाहिलं" पण लिहितात, चूक नाही म्हणणार पण कानाला बरं वाटत नाही.

म्हणून स्वप्नाचा अर्थ शोधताना पहिला घोळ इथे होतो की पडलेल्या स्वप्नाला लोक पाहिलेल्या स्वप्नासारखं वागवतात. मेलेला माणूस स्वप्नात भांडला तर "म्हणजे मला त्याच्याशी भांडायचं होतं का?" असा अपराधीपणा घेऊन बसतात. अरे ते पडलंय, तू केलेलं नाहीस.

*

वरच्याशी सहमत पण अर्धाच. पडलं हे खरं, पण सामान सगळं आपल्याच घरातलं असतं ना. मनी वसे ते स्वप्नी दिसे ही म्हण उगीच नाही. फक्त 'वसे' म्हणजे 'हवंसं वाटे' असं धरतात लोक, ते बरोबर नाही. वसणे म्हणजे मुक्काम असणे. भीती वसते, अपमान वसतो, दुपारी कुणीतरी सहज बोललेलं वाक्य वसतं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानेही हेच वेगळ्या भाषेत म्हटलंय, आदल्या दिवसाचे उरलेसुरले तुकडे स्वप्नात येतात. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक 1899 च्या शेवटी बाजारात आलं आणि त्यावर साल छापलं होतं 1900. त्याची पद्धत लिस्टवाल्यांच्या बरोबर उलटी होती, स्वप्न अख्खं घ्यायचं नाही, तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून स्वप्न पडणाऱ्यालाच विचारायचं की हे म्हटल्यावर तुला काय काय आठवतं. तीच गोष्ट दोघांच्या स्वप्नात आली तरी अर्थ वेगळे असू शकतात हे त्याने स्पष्ट लिहिलंय. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ठरीव प्रतीकांचा भाग वाढत गेला आणि लोकांनी नेमका तोच उचलला, हे आपलं नेहमीचंच.

*

उदाहरण देतो म्हणजे नुसती थिअरी नको. मला मध्यंतरी एक स्वप्न पडायचं, जुनी सायकल आहे, चेन सारखी उतरतेय, मी खाली बसून ती चढवतोय, बोटं ग्रीसने काळी झालीयेत, उशीर होतोय हे कळतंय पण चिडचिड अजिबात नाही, उलट फार बरं वाटतंय. लिस्टमध्ये बघितलं तर सायकल म्हणजे प्रवास, चेन तुटणं म्हणजे अडथळा. काही लागेना. मग वर लिहिलंय तसं तुकड्यातुकड्याने केलं. सायकल कुणाची? मोठ्या भावाची. ती मला कधीच चालवायला मिळायची नाही, फक्त पुसायला मिळायची. आणि त्याच दिवसात ऑफिसात सीनिअरचं सगळं काम माझ्याकडे आलेलं, सगळे विचारायचे टेन्शन आलं असेल ना आणि मीही हो म्हणायचो. टेन्शन नव्हतंच! सायकल शेवटी माझ्या हातात आली होती, चेन उतरेना का. हे कळलं तेव्हा मी चक्क हसलो. याला मी 'अर्थ लागला' म्हणेन. काढला नाही, कारण काढला असता तर 'अडथळा' हाच काढला असता, आणि दिसलेल्या गोष्टींपेक्षा ते 'बरं वाटणं' जास्त महत्त्वाचं निघालं.

*

हे वाचायला छान आहे पण एक शंका. मेंदू झोपेत काहीबाही सिग्नल सोडतो आणि वरचा भाग त्याची गोष्ट जुळवतो असंही म्हणतात ना? हॉब्सन आणि मॅकार्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1977 मध्ये मांडलेलं. मग सायकलचा अर्थ 'लागला' की तुम्ही नंतर छान 'लावला'? फरक कसा ओळखायचा?

*

रास्त शंका. पण बघा, सिग्नल कसलेही असोत, गोष्ट जुळवायला मेंदूने भावाची सायकल घेतली, शेजाऱ्याची स्कूटर नाही घेतली. जुळवणी तर माझीच आहे. बाकी लावलेला अर्थ दुसऱ्याला पटवावा लागतो, लागलेला पटवावा लागत नाही, एवढाच फरक मला सांगता येईल. आणि हो, चुकीचाही लागू शकतो, तहान लागते तशी खोटी तहानही लागते.

*

'पहाटेचं स्वप्न खरं होतं' हे घेऊया का? यातलं 'खरं' म्हणजे फळवालं खरं. पण पहाटेला स्वप्नं खरोखरच जास्त असतात, त्याचं कारण साधं आहे. डोळे पापण्यांआड भराभर हलतात ती झोपेची अवस्था (1953 मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी तिच्यावर लिहिलं) साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरत जाते तशी ती लांबत जाते. ठसठशीत स्वप्नं बहुतेक तिथली. पहाटे ती लांब असते आणि तिच्यातूनच आपल्याला जाग येते, म्हणून साखरझोपेतलं स्वप्न लक्षात राहतं आणि मध्यरात्रीचं पार पुसलं जातं. जे लक्षात राहतं तेच खरं झालं की नाही हे तपासलं जाणार ना.

*

लक्षात राहण्यावरून, सांगण्याची भाषा बघा. स्वप्न सांगताना आपण भूतकाळ सोडून देतो. "मी जातेय जातेय, आणि बघते तर काय, घराला मागे आणखी एक खोली!" किंवा "तो तूच आहेस पण तुझ्यासारखा दिसत नाहीयेस". हे असं गोंधळाचं, चालू वर्तमानातलं सांगणंच अर्थासाठी कामाचं असतं. जरा वेळाने आपण त्याला इस्त्री करतो, मधल्या फटी भरतो, "मग मी दार उघडून आत गेले" असं शहाण्यासारखं सांगायला लागतो, दार नव्हतंच मुळात. म्हणून उठल्या उठल्या, हलायच्या आधी, मोडक्या वाक्यांत लिहून ठेवा, वाक्य नीट करू नका. आणि शेजारी एकच ओळ, काल काय काय झालं.

*

धागाकर्ता. सगळ्यांचं वाचतोय. 'फळ' आणि 'पडणे' दोन्ही माझ्या डोक्यात नव्हते. तर माझ्यापुरतं असं ठरतंय, दुसऱ्याने सांगितला तर तो 'लावलेला' अर्थ, ऐकून घ्यावा, त्याने कधीकधी दिशा मिळते. लागायचा तो ज्याचं स्वप्न त्यालाच. 'काढणे' मी स्वप्नांसाठी वापरणं बंद करतोय, ते भांडणांसाठी ठेवू. 'दृष्टांत' मात्र राहिला अजून, एकाच शब्दात उदाहरणही आणि देवाने स्वप्नात येऊन सांगणंही. त्यात तर अर्थ लावायचा प्रश्नच येत नाही, येणारा स्वतःच सांगून जातो. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे नको.