नूरजहाँचा गळा आठवतो, मग नटी का विसरलो?

जुनी तबकडी (धागाकर्ती)

परवा आमच्याकडे जुन्या गाण्यांची बैठक झाली. जुन्या सिनेमातली गायिका-नटी नूरजहाँ हिचं नाव निघालं आणि पाच मिनिटांत गाडी नेहमीच्या रुळावर: 'ती फाळणीनंतर लाहोरला गेली नसती तर लताबाईंचं काय झालं असतं?' मला हा प्रश्न आता ऐकवत नाही. एवढ्या मोठ्या कारकिर्दीचा उपयोग काय तर दुसरीचं नशीब मोजायला?

मूळची ती पंजाबातल्या कसूरची अल्लाह वसाई. दहा वर्षांची होते न होते तोच कलकत्त्यात पंजाबी बोलपटात उभी राहिली. 1939 मध्ये लाहोरचे निर्माते पंचोली यांच्या 'गुल बकावली'त संगीतकार गुलाम हैदर यांनी तिला गायला लावलं आणि पंजाबात बेबी नूरजहाँ घरोघरी पोचली. 1942 च्या 'खानदान'मध्ये ती नायिका झाली, समोर प्राण. तिची उंची कमी पडायची म्हणून क्लोजअपला तिला विटांवर उभं करत. पंधरा-सोळा वर्षांची पोर, पायाखाली विटा, वर दिव्यांचा भगभगाट, आणि चेहऱ्यावर प्रेम दिसायला हवं. हे ज्या पोरीला जमलं तिला मी आधी नटी म्हणते, मग गायिका. 1961 च्या 'ग़ालिब'नंतर ती नायिका म्हणून दिसली नाही. पुढची तीसेक वर्षं तिचा आवाज दुसऱ्यांच्या ओठांवर फिरला. ही हानी कुणी मोजतच नाही.

पिटातला प्रेक्षक

ताई, तळमळ पोचली, पण साफ असहमत. 'अनमोल घडी' (1946) मी तीनदा पाहिलाय. संवाद सुरू असताना बाई अवघडलेल्या वाटतात, वाक्य पाठ केल्यासारखं येतं. सुरैयाला त्यात दुय्यम काम, तरी ती सहज वावरते. नूरजहाँ जागी होते ती गाणं लागल्यावर. तो सिनेमा चालला तो नौशाद यांच्या चालींवर आणि तिच्या गळ्यावर. लोकांनी तिला गायिका म्हणून लक्षात ठेवलं, कारण लोकांनी बरोबर ऐकलं.

जुनी तबकडी

दादा, गाणं लागल्यावर जागी होते असं तुम्हीच म्हणताय. मग गाणं म्हणजे काम करणं नव्हे? संगीत नाटकावर वाढलेल्या माणसांनी तरी असं म्हणू नये. बालगंधर्वांचं पद एका खणात आणि भूमिका दुसऱ्या खणात, असं कुणी कधी ठेवलं का? 'आवाज़ दे कहाँ है' मधली हाक नुसत्या सुरांनी लागत नाही. आपलं माणूस कुठे आहे ते ठाऊक नसलेली बाई त्यात बोलते.

पिटातला प्रेक्षक

बालगंधर्वांचा दाखला इथे लागू नाही. रंगभूमीवर मागच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, सिनेमात कॅमेराच दोन हातांवर येतो. तिथे डोळ्यांनी बोलावं लागतं. 'जुगनू'त (1947) शेजारी दिलीपकुमार आहे. तो तेव्हा नवखा, पण गप्प बसला तरी तुमची नजर त्याच्याकडे जाते. हे मी तिच्यावर राग धरून म्हणत नाही. तिचा गळा मला माझ्या आजोबांनी दिलाय, त्यांच्याकडे 'दिया जलाकर आप बुझाया'ची तबकडी होती.

कोल्हापूरकर

ती तबकडी 'बडी माँ'ची, 1945. दिग्दर्शक मास्टर विनायक, संगीत आपले दत्ता कोरगावकर, आणि छोट्या कामात लता मंगेशकर. विनायकरावांनी त्या मुलीला नूरजहाँपुढे गायला लावलं होतं. त्यामुळे धागाकर्तीचा राग पटतो, पण पूर्ण नाही. लताबाईंशी जोडणारा धागा कुणी बैठकीत बसून विणलेला नाही, तो एका सेटवरचा आहे. स्वतः लताबाई तिला मानत. आपण मराठी माणसांनी नूरजहाँकडे या खिडकीतून पाहिलं तर त्यात गुन्हा काय?

जुनी तबकडी

खिडकीतून बघा की. पण घरात कधी शिरणार?

सतलजकाठची

मी मूळची पंजाबी, तीस वर्षं पुण्यात. हा सगळा वाद तुम्ही मुंबईतल्या चार-पाच वर्षांवर घालताय, म्हणून लिहिते. फाळणीनंतर ती आणि तिचे पती शौकत हुसेन रिझवी लाहोरला गेले, तिथे शाहनूर स्टुडिओ उभा केला. 1951 मध्ये 'चन वे' हा पंजाबी सिनेमा आला. नायिका ती, गायिका ती आणि दिग्दर्शक म्हणूनही नाव तिचंच. पाकिस्तानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. मग 1952 चा 'दुपट्टा', 1956 चा 'इंतज़ार'. उर्दू बोलताना ती जपून पाऊल टाकते, एकेक नुक्ता (अक्षराखालचा उच्चार बदलणारा ठिपका) सांभाळते. पिटातले दादा म्हणतात तो अवघडलेपणा मला तिथेच दिसतो. पंजाबीत ती आपल्या अंगणात असते.

पिटातला प्रेक्षक

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मान्य. पण 'चन वे'च्या दिग्दर्शनाबद्दल शंका आहे. नवरा स्वतः मुरलेला दिग्दर्शक, 'खानदान' आणि 'जुगनू' त्याचेच. सेटवर खरं चालत कुणाचं असेल?

सतलजकाठची

पडद्यावर तिचं नाव आहे. नवऱ्याच्या नावाखाली बायकोने केलेलं काम आपण कधी असं तपासलंय का? पुढे त्यांचा संसार मोडला, दुसरं लग्न अभिनेते एजाज दुर्रानींशी झालं. पडद्यासमोरून ती बाजूला झाली ती त्यानंतर. नंतर 1970 च्या 'हीर रांझा'त एजाज रांझा होते, हीर झाली होती फिरदौस, आणि हीरचा आवाज नूरजहाँचा. पुढे हेही लग्न मोडलं. 'सुन वंझली दी मिठड़ी तान' ऐकताना मला दर वेळी हे आठवतं आणि घशात काहीतरी अडकतं.

जुनी तबकडी

मी 'हानी' म्हणाले ती हीच.

कोल्हापूरकर

हानी एकतर्फी नव्हती, एवढं नोंदवतो. पडद्यापुढे राहिली असती तर वयाबरोबर कामं आटली असती. 1982 मध्ये मुंबईला आली तेव्हा आवाज जाड झाला होता, खाली उतरला होता, तरी सभागृह तिच्यासाठी आसुसलेलं. पस्तीस वर्षांनी इतकं प्रेम नायिकांच्या वाट्याला क्वचित येतं.

पिटातला प्रेक्षक

सतलजकाठच्या ताई, एक विचारतो. 'चन वे' म्हणजे नेमकं काय?

सतलजकाठची

'चन' म्हणजे चंद्र. 'वे' म्हणजे आपलं 'रे', बाई पुरुषाला हाक मारते तेव्हाचं. त्यातलं 'तेरे मुखड़े ते काला काला तिल वे' मिळालं तर ऐका. 'वे' परत परत येतो. एकदा लाडाने, एकदा चिडवत, एकदा हात धरून थांबवल्यासारखा. डोळे मिटून ऐका, मग तिचा चेहरा दिसतो की नाही ते इथे लिहा.