इंटरफेरोग्राम असताना भूकंपलेख कशाला?

भूकंप अभ्यासताना एक प्रश्न येतो: उपग्रहाचा इंटरफेरोग्राम (दोन वेळच्या रडार प्रतिमांच्या तुलनेतून जमीन किती सरकली ते दाखवणारं पट्ट्यांचं चित्र) असेल तर भूकंपलेखांची (भूकंपलहरींच्या नोंदींची) गरज काय. गरज आहे ती क्रम कळण्यासाठी. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांची तीच कक्षा ६ किंवा १२ दिवसांनी येते. मधे जे सरकलं ते सगळं एका चित्रात मिसळतं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात ७.८ आणि ७.५ मॅग्निट्यूडचे भूकंप सुमारे नऊ तासांच्या अंतराने झाले, रडारला ते एकत्रच दिसले. पहिल्या भूकंपाचा भंग एका शाखा-भ्रंशावर (मुख्य भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, फाट्यावर) सुरू झाला, मग मुख्य पूर्व अनातोलियन भ्रंशावर दोन्ही दिशांना पसरला, हे लहरींनीच उलगडलं.

दुसरं, इंटरफेरोग्राममधला एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दृष्टिरेषेत २.८ सेंमी सरकणं. भ्रंशालगत पट्टे इतके दाटतात की फेज उलगडताना (पट्टे मोजून एकूण सरकणं काढताना) पूर्ण पट्ट्यांची चूक होते. तो भाग गाळून तिथे पिक्सेल-ऑफसेट (दोन प्रतिमा जुळवून पिक्सेल किती हलले ते मोजणं) वापरा; अचूकता कमी, पण मीटरभर सरकण्यासाठी पुरेशी.

आणि भूकंपानंतरचं संथ सरकणंही चित्रात येतं, त्यामुळे नुसत्या रडारवरून काढलेला सिस्मिक मोमेंट (भूकंपाच्या आकाराचं माप) फुगू शकतो. भूकंपानंतरची सर्वात लवकरची प्रतिमाच निवडा.