भातावर करपा आलाय, पण नक्की कुठला?

भांडुपकर: मंडळी, राहायला मुंबईत, शेती कर्जतला. सव्वा एकर भात आहे, बाबाच बघतात, मी रविवारी कर्जत लोकल पकडून जातो आणि चिखल तुडवून येतो एवढंच. काल बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, पानं शेंड्याकडून वाळत चाललीत. दुकानात जाऊन करपा म्हणाले तर त्याने न बघताच बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवली. अजून फोडलेली नाही. मारू का?

खाचरातला: थांब जरा. आपल्याकडे करपा या एका नावाखाली तीन दुखणी खपतात, घोळ तिथेच होतो. नुसता करपा म्हणजे बुरशीचा, त्याचा ठिपका डोळ्यासारखा, दोन्ही टोकं निमुळती, मधे राखाडी, कडेला तपकिरी. हाच पुढे लोंबीच्या मानेवर गेला की मान काळी पडते आणि दाणे पळंज, म्हणजे आतून पोकळ. पर्णकोष करपाही बुरशीचाच, पण तो खाली पाण्यालगत, खोडावर जे पानाचं आवरण असतं ना त्यावर मोठे चट्टे पडतात. आणि कडा करपा हा जिवाणूचा, त्यावर बुरशीनाशक मारलं तर पैसे पाण्यात. फोटोत मला तर ठिपका दिसतच नाहीये, पण फोटो पण काय धुक्यात काढलाय का?

बोरिवली_निफाड: आमचा गहू बरा बाबा, तांबेरा असला की पान पुसल्यावर बोटाला गेरूसारखी पावडर लागते, विषय संपला 😄

ताई_माणगाव: भाऊ, घरीच बघता येतं. जिथे हिरवं आणि वाळलेलं मिळतं तिथला तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, पाचदहा मिनिटं. कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरली तर जिवाणू. आणि खरं सांगा युरिया किती टाकलात? जास्त युरियाने तिन्ही करपे वाढतात.

भांडुपकर: ताई, धार आली!! बाबांनी व्हिडिओ कॉलवर दाखवली, आणि युरियाचं विचारलं तर आधी गप्पच, मग म्हणाले शेजाऱ्याचं भात हिरवंगार दिसत होतं म्हणून एक हात जास्त टाकला.

खाचरातला: मग कडा करपाच. उरलेला युरिया आता थांबवा, खाचरातलं पाणी काढा, फक्त ते शेजाऱ्याच्या खाचरात सोडू नका, रोग पाण्याबरोबर जातो.

भांडुपकर: पुडी रविवारी परत करतो, घेतली तर.